बॅगा कोण सांभाळणार? तोट्यातला पार्क सावरण्याची आमची दोन वर्षे

आमच्या मोठ्या काकांनी आणि त्यांच्या दोन भागीदारांनी २००५ साली सातारा जिल्ह्यात, महामार्गापासून सहा किलोमीटर आत, अकरा एकर माळावर एक मनोरंजन पार्क उभा केला. पोहण्याचे दोन तलाव, पाच घसरगुंड्या, एक आकाशपाळणा, जहाजाचा झोपाळा आणि लहान मुलांची आठ-दहा खेळणी एवढा त्याचा पसारा होता. पहिली दहा वर्षे उत्तम गेली. पुढे महामार्गावर नवी ठिकाणे झाली, आमची खेळणी जुनी होत गेली आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे जे दार बंद झाले, ते धड उघडेपर्यंत दोन उन्हाळे वाया गेले. २०२२ची दिवाळी संपली तेव्हा गर्दी २०१८-१९च्या निम्मीही उरली नव्हती. मी पुण्यात बारा वर्षे वास्तुरचनेचे काम करत होते. जानेवारी २०२३ मध्ये काकांनी फोन करून, ‘‘एकदा येऊन बघून जा, मग विकायचे की ठेवायचे ते ठरवू,’’ असे सांगितले आणि मी गेले. लहान पार्क, रिसॉर्ट किंवा कृषिपर्यटन केंद्र चालवणाऱ्या अनेकांवर हीच वेळ आलेली मी पाहते आहे, म्हणून पुढच्या अडीच वर्षांत जे घडले ते क्रमाने लिहिते आहे.

पहिली बैठक २२ जानेवारीला झाली. एका भागीदारांना प्लॉटिंग करून मोकळे व्हायचे होते. दुसऱ्यांच्या हातात एका परदेशी खेळण्याचे दरपत्रक होते. आयातशुल्क, पाया आणि उभारणी धरून ते पावणेतीन कोटींच्या घरात जात होते. पॅरिसचे डिस्नीलँड बुडायला आले असताना १९९५ साली एक मोठा रोलर कोस्टर आणून तरले, असा दाखला त्यांनी दिला. दाखला खोटा नव्हता, पण अर्धा होता. १२ एप्रिल १९९२ रोजी उघडलेल्या त्या पार्कने १९९४ मध्ये कर्जाची फेररचना करून घेतली, १९९५च्या वसंतात तिकिटाचे दर सुमारे पाचव्या हिश्शाने उतरवले आणि मग जूनमध्ये तो कोस्टर सुरू केला. त्या वर्षी पहिल्यांदा नफा दिसला, तो या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ घडल्यानंतर. माझे म्हणणे इतकेच होते की, लोक आमच्याकडे का येत नाहीत यापेक्षा, आलेले लोक लवकर का निघून जातात हे आधी समजून घेऊ. त्यासाठी मला एक उन्हाळा द्या. काकांनी दिला.

१९ फेब्रुवारी २०२३, शिवजयंतीचा रविवार, या दिवसापासून आम्ही मोजणी सुरू केली. जवळच्या महाविद्यालयातली दोन मुले दिवसाला चारशे रुपयांवर घेतली आणि एप्रिलअखेरपर्यंत प्रत्येक रविवारी, दर अर्ध्या तासाला, सहा ठिकाणी किती माणसे आहेत, त्यांतली किती खेळत आहेत, किती रांगेत आहेत आणि किती नुसती बसून आहेत याची नोंद केली. फाटकावर आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ लिहिली. मी स्वतः पृष्ठभागाचे तापमान दाखवणारे एक यंत्र सोळाशे रुपयांना घेतले. एप्रिलमध्ये दुपारी दीड वाजता तलावाकाठच्या पेव्हर ब्लॉकवर ५८ अंश आणि दहा पावलांवरच्या वडाखाली ३६ अंश असा आकडा मिळाला. मुले तलावातून निघून घसरगुंडीकडे पळताना टाचा उचलून का पळतात हे आम्ही अठरा वर्षे पाहत होतो, त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. पार्क कोणताही असो, पैसे खर्च करण्याआधी ही मोजणी करावीच. आम्हाला ती सगळी मिळून तीस हजारांच्या आत पडली.

मोजणीतून निघालेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला आकड्यांत दिसण्याआधी डोळ्यांनी दिसली. मार्चमधल्या एका रविवारी पंपघराच्या भिंतीला टेकून एक आजी बसल्या होत्या. त्यांच्याभोवती नऊ बॅगा, चपलांचे ढीग, दोन मोबाइल आणि एक ओला टॉवेल होता. पंपघराची सावली फूटभर रुंदीची होती आणि ऊन सरकेल तशा त्या एकेक बॅग ओढून घेत सावलीबरोबर सरकत होत्या. मी पाणी हवे का असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘पोरी, पाणी प्यायला उठले तर एवढ्या पिशव्या कुणाच्या भरवशावर टाकू?’’ अकरा जणांचे ते कुटुंब साडेदहाला आले होते. पावणेदोनला आजींनी सुनेला हाक मारून ‘‘चला आता, पुरे झालं’’ असे सांगितले आणि सव्वादोनला अकराही जण फाटकाबाहेर पडले. त्यांनी पूर्ण दिवसाची अकरा तिकिटे काढली होती आणि जेवण मात्र रस्त्यावरच्या ढाब्यावर घेतले असणार.

त्यानंतर आम्ही बसलेल्या माणसांची वेगळी नोंद ठेवली. साधारण प्रत्येक गटात दोन-तीन माणसे अशी होती: आजी, आजोबा, तान्हे मूल असलेली आई, गुडघ्याचे दुखणे असलेली आत्या, पाण्यात न उतरणारी सहलीची बाई. त्यांच्याकडून आम्ही पाचशे पन्नास रुपये घेत होतो आणि त्यांना बसायला एक बाकडे देत नव्हतो. गटाची निघण्याची वेळ बहुतेक वेळा तेच ठरवत होते. सरासरी मुक्काम तीन तास दहा मिनिटे भरला. अठ्ठेचाळीस लॉकर होते, परंतु भाडे पन्नास आणि अनामत दोनशे असल्यामुळे ते निम्मे रिकामेच असत.

दुसरे दुखणे नकाशात होते. तिकीटखिडकी ओलांडली की समोर जनरेटर, उजवीकडे स्वच्छतागृहाची मागची भिंत आणि डावीकडे बंद पडलेले एक खेळणे दिसे. पूर्वेकडचा अडीच एकराचा भाग एका आंधळ्या वाटेच्या टोकाला होता आणि चारांतला एकच माणूस तिथपर्यंत पोहोचत होता. १९५५ साली उघडलेल्या कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये एकच प्रवेश, एक सरळ रस्ता, त्याच्या टोकाला दुरून दिसणारा राजवाडा आणि तिथल्या गोल चौकातून सगळ्या भागांत फुटणाऱ्या वाटा, अशी मांडणी आहे. माणूस चुकला तरी पुन्हा चौकात येतो. त्याच्याच शेजारी, जुन्या वाहनतळाच्या जागेवर, ८ फेब्रुवारी २००१ रोजी त्याच कंपनीने दुसरा पार्क उघडला आणि तो रखडला. लहान मुलांसाठी त्यात फार थोडे होते आणि कॅलिफोर्नियातच कॅलिफोर्नियाची नक्कल पाहायला लोक येईनात. २००७ साली त्यांनी सुमारे १.१ अब्ज डॉलरचे काम जाहीर केले. १५ जून २०१२ रोजी तो नव्याने उघडला, तेव्हा नव्या खेळण्यांबरोबर प्रवेशाचा रस्ताही पूर्ण पाडून नव्याने बांधलेला होता. एवढ्या मोठ्या कंपनीला फाटकापासून सुरुवात करावी लागली, ही गोष्ट मी मेच्या बैठकीत भागीदारांना नकाशावर दाखवली. प्लॉटिंगचा विषय त्या दिवशी बाजूला पडला.

खर्चाचा अंदाज एक कोटी चाळीस लाखांवर आला. भागीदारांनी शेहेचाळीस लाख उभे केले, बंद पडलेली दोन खेळणी आणि जुना जनरेटर विकून नऊ लाख आले आणि उरलेल्या पंचाऐंशी लाखांसाठी मी बँकांचे उंबरे झिजवले. मे ते ऑक्टोबर २०२३ असे सहा महिने त्यात गेले. पहिल्या बँकेने सात आठवड्यांनी नकार दिला, कारण ताळेबंदांच्या तीन वर्षांत टाळेबंदीचा काळ आला होता आणि त्या काळातला तोटा कसा वाचायचा याचा त्यांच्याकडे नमुना नव्हता. त्या दिवशी मी गाडीत बराच वेळ नुसती बसून राहिले होते. नंतर आमच्या सनदी लेखापालांनी २०१५पासूनचे आकडे एका पानावर काढून दिले, टाळेबंदीचे महिने वेगळ्या रंगात दाखवले आणि मोजणीचे तक्ते मागे जोडले. दुसऱ्या, सहकारी बँकेने याच कागदावर सव्वाअकरा टक्के व्याजाने कर्ज मंजूर केले. सातबारा, अकृषिक परवान्याचा आदेश, मंजूर नकाशा, भागीदारीपत्र, विमा, विद्युत तपासणीचे अहवाल आणि खेळण्यांच्या देखभालीच्या वह्या, यांच्या स्वयंसाक्षांकित प्रतींचे पाच संच आधीच करून ठेवावेत. आमचे किमान तीन आठवडे निव्वळ झेरॉक्ससाठीच्या हेलपाट्यांत गेले.

परवानग्यांचे सांगायचे तर, सार्वजनिक करमणुकीच्या जागांना महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालच्या १९६०च्या नियमांनुसार परवाना लागतो आणि त्याला बांधकामाच्या स्थैर्याचे, विजेचे आणि अग्निसुरक्षेचे दाखले जोडावे लागतात. खेळण्यांसाठी आयएस १५४७५ हे भारतीय मानक आहे. ते विकत घेऊन आपल्या देखरेखीच्या माणसाला वाचायला लावावे, कारण तपासणीला येणारा अभियंता त्यातलेच प्रश्न विचारतो. आमची फाइल एका कार्यालयात अकरा आठवडे पडून होती. चौकशी केल्यावर समजले की, ईशान्येच्या कोपऱ्यात २०११ साली घातलेली पत्र्याची शेड मंजूर नकाशातच नव्हती. ती नियमित करून घेण्यात दंडासह बेचाळीस हजार आणि दीड महिना गेला. नव्या कामाचा अर्ज करण्यापूर्वी जुन्या नकाशाचा कागद हातात घेऊन स्वतःच्या जागेत एक फेरी मारावी.

पैसे येण्याआधीच एक काम उरकले होते. जुलै २०२३च्या पावसात करंज, कडुनिंब, बहावा आणि ताम्हण यांची आठ ते दहा फूट उंचीची एकशेचाळीस झाडे साडेसहाशे रुपये दराने आणून लावली. सावली वाढायला लागणारा वेळ कोणत्याही कर्जाने विकत मिळत नाही, म्हणून हे काम पहिले. त्यांतली एकतीस झाडे पुढच्या उन्हाळ्यात मेली, बहुतेक ताम्हणाची. माळाच्या मुरमाड जमिनीत त्यांना पाणी कमी पडले.

नोव्हेंबरपासून शाळांच्या सहलींचा हंगाम असतो आणि एसटीच्या गाड्यांना सहलीसाठी सवलत असल्याने आसपासच्या तालुक्यांतल्या शाळा आमच्याकडे येतात. हा हंगाम सोडणे परवडणारे नव्हते. म्हणून सोमवार ते गुरुवार काम आणि बाकी दिवस पार्क चालू, असे वेळापत्रक ठेवले. ठेकेदाराला ते आवडले नाही आणि त्याने दर आठ टक्के वाढवून घेतला, पण आमचा हप्त्याचा पैसा त्या सहलींतूनच निघणार होता.

सर्वांत आधी ओसरी बांधली. हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण मला ‘प्रतीक्षालय’ नको होते. मध्यभागी असलेल्या वडाला धक्का न लावता त्याच्या तीन बाजूंनी मंगलोरी कौलांची, जमिनीपासून दोन पायऱ्या उंच, शहाबादी फरशीची ओसरी केली. तिची जागा ठरवण्यासाठी मी स्टुलावर बसून, म्हणजे बसलेल्या आजीच्या डोळ्यांच्या उंचीवरून, चारही दिशांना पाहत दोन दिवस घालवले. दोन्ही तलाव, आकाशपाळणा आणि लहान मुलांची खेळणी तिथून दिसली पाहिजेत, अशी अट होती. नातू दिसत राहिला की आजी निवांत बसते, नाहीतर दर दहा मिनिटांनी उठते. बॅगांसाठी बिल्ला देऊन विनाशुल्क सांभाळण्याची खोली, पिण्याच्या पाण्याचे चार नळ, मोबाइल चार्जिंगची सोय, पाठ टेकायला भिंत आणि बाळाला पाजण्यासाठी एक बंद खोली, हे सगळे एकोणीस लाखांत बसले. कॅन्टीन चालवणाऱ्या आक्कांनी एक सूचना केली, जी माझ्या नकाशात नव्हती. त्या म्हणाल्या, ‘‘ताई, आढ्याला कड्या ठेवा. झोळी बांधायची तर कशाला बांधतील?’’ आम्ही आढ्याला सहा लोखंडी कड्या बसवल्या आणि प्रत्येकीला पन्नास किलोची गोणी चोवीस तास टांगून पाहिली. आता दर रविवारी तिथे साड्यांच्या झोळ्या लागलेल्या असतात आणि बाळ झोपले की आई तासभर तलावात जाऊन येते.

पूर्वेकडची आंधळी वाट पुढे नेऊन चौकाला परत आणली आणि ४१० मीटरचा सलग, सावलीचा फेरा तयार केला. झाडे मोठी होईपर्यंत त्यावर लोखंडी पाइपांचा मांडव घालून मधुमालती चढवली. बायकांची स्वच्छतागृहे सहावरून चौदा केली. प्रवेशाची दिशा फिरवली. आता आत शिरताच समोर वड आणि त्याच्या मागे आकाशपाळणा दिसतो. पाण्याच्या गाळणयंत्रणेवर बारा लाख गेले, जे कोणालाही दिसत नाहीत. त्यावर भागीदारांशी माझा वाद झाला, पण क्लोरीनचे प्रमाण हाताने, अंदाजाने ठेवणाऱ्या तलावात मी माझ्या भाचीला उतरवणार नाही, हे मी स्पष्ट सांगितले.

आकाशपाळण्याचे गणित मात्र सविस्तर सांगते, कारण नवे खेळणे घेण्याआधी जुन्यातून किती निघू शकते ते त्यातून कळते. बारा डबे, प्रत्येकी चार माणसे, म्हणजे एका फेरीत अठ्ठेचाळीस. एकेक डबा खाली आणून माणसे उतरवायची आणि चढवायची, यात आमची फेरी चौदा मिनिटांची होत होती; तासाला साधारण दोनशे पाच माणसे. आम्ही एक लाख नव्वद हजारांत दोन्ही बाजूंना चौथरा बांधला, एकीकडून उतरायचे आणि दुसरीकडून चढायचे अशी सोय केली आणि रांगेतच चार-चारांचे कप्पे आखले. फेरी दहा मिनिटांवर आली आणि तासाची संख्या दोनशे अठ्ठ्याऐंशी झाली. पाळण्यातला वेळ एका सेकंदानेही कमी केला नाही. जहाजाच्या झोपाळ्याचे बेअरिंग बदलले, जोडांची अल्ट्रासोनिक तपासणी करून घेतली आणि त्यावर सात लाख ऐंशी हजार खर्च झाले.

नव्या आकर्षणांसाठी आम्ही दोन गोष्टी योजल्या होत्या: झुकझुक गाडी आणि आरसेमहाल. गाडी घेण्यामागचे कारण सरळ होते, पंच्याहत्तर वर्षांच्या आजी आणि चार वर्षांचा नातू एकाच बाकावर बसून करतील असे खेळणे आमच्याकडे एकही नव्हते. शिवाय तिच्या ६२० मीटरच्या फेऱ्यामुळे ओसाड पडलेल्या पूर्व भागात लोक आपोआप पोहोचणार होते. रुळांची रुंदी दोन फूट ठेवली, जी १९०७ सालापासून धावणाऱ्या नेरळ-माथेरान गाडीची आहे. हे सांगितले की मुलांचे डोळे चमकतात. बॅटरीवर चालणारे इंजिन आणि तीन डबे चोवीस लाखांना ठरले.

आरसेमहाल झालाच नाही. जानेवारी २०२४ मध्ये बागेचे मामा नव्या झाडांना पाटाने पाणी देत होते. एका वाफ्याचे तोंड खोऱ्याने फोडायचे, ते भरले की मातीने बांधायचे आणि पुढचे फोडायचे, हे त्यांचे रोजचे काम. त्या दिवशी आलेल्या सहलीतली चाळीसेक मुले तलाव सोडून मामांच्या भोवती गोळा झाली आणि ‘‘आता मी फोडू का?’’ म्हणून हट्ट करू लागली. मामांनी दोघातिघांच्या हातात खोरे दिले. पाणी आपण दाखवू तिकडे वळते, याचा आनंद त्या मुलांच्या चेहऱ्यावर मी जवळून पाहिला आणि संध्याकाळी काकांना म्हणाले की, आरसेमहालाचे सात लाख मला याच्यासाठी द्या. काका शेतकऱ्याचे मुलगे, त्यांना पटायला वेळ लागला नाही. एका भागीदारांचा प्रश्न रास्त होता: शेतात फुकट दिसणारे काम पाहायला कोणी तिकीट काढेल का? मी सांगितले की, सहलीतली निम्मी मुले आता शेतात जात नाहीत आणि त्यांचे आजोबा जात होते.

‘दारे धरणे’ या नावाने आम्ही तो खेळ बांधला. वरच्या टाकीतून येणारे पाणी एका छोट्या रहाटाला फिरवते, मग दगडी पाटातून अठ्ठावीस वाफ्यांकडे जाते. वाफ्यांना लाकडी फळ्यांची दारे आहेत आणि शेवटी पाणी गाळणीतून परत टाकीत जाते. खोली कुठेही पंधरा सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही. माती खऱ्या शेतातली ठेवली तर गाळणी बसते, म्हणून धुतलेली जाड वाळू वापरली. हे दोन वेळा चुकल्यावर समजले. एकूण खर्च सहा लाख चाळीस हजार.

१६ मार्च २०२४ रोजी निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि ज्या तपासणीसाठी आम्ही एप्रिलचा पहिला आठवडा धरला होता, ती पुढे गेली, कारण बहुतेक कर्मचारी निवडणुकीच्या कामावर होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत उद्घाटन ठरवणाऱ्यांनी निवडणुकीचे कॅलेंडर आधी पाहावे. तशातही गाडी तयार नव्हतीच. ती नऊ आठवडे उशिरा आली आणि २४ मार्चला वाळूच्या गोण्या भरून घेतलेल्या पहिल्याच चाचणीत बोगद्यापुढच्या वळणावर दुसरा डबा रुळावरून उतरला. कोणी बसलेले नव्हते, वेग चालण्याइतका होता, तरी तो चाकांचा खडखडाट ऐकून माझ्या पोटात गोळा आला. वळणाची त्रिज्या मी जागा वाचवण्यासाठी कमी धरली होती आणि ती चूक माझीच होती. वळण मोकळे करण्यासाठी बोगद्याची एक भिंत पाडावी लागली, तीन लाख वीस हजार आणि पाच आठवडे गेले. एप्रिलचा सगळा मोसम हातचा गेला. काका एवढेच म्हणाले, ‘‘माणसं बसायच्या आधी उतरला, हे देवाचं देणं समज.’’ त्या महिन्याचा हप्ता त्यांनी स्वतःच्या ठेवीतून भरला. चाचण्या गोण्यांवर आणि निदान शंभर फेऱ्यांच्या कराव्यात. आमची चूक सातव्या फेरीत कळली.

आमच्याकडे ७ मे रोजी मतदान झाले, १३ मे रोजी तपासणी झाली आणि १८ मे २०२४, शनिवारी आम्ही नवा पार्क उघडला. फीत कापण्याचा कार्यक्रम ठेवला नाही. तेवढ्या पैशांत जवळच्या चार गावांतल्या ज्येष्ठांना मोफत बोलावले.

तिकिटाचा प्रश्न त्याच आठवड्यात सुटला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा मनोरंजन पार्कच्या प्रवेशावर २८ टक्के दर होता, म्हणून तिकीट वाढवले गेले. २५ जानेवारी २०१८पासून तो १८ टक्के झाला, पण आमचे तिकीट उतरले नाही. आता आम्ही पूर्ण तिकीट पाचशे पन्नासच ठेवले आणि साठ वर्षांवरील, तसेच तान्ह्या बाळाच्या आईसाठी दोनशे रुपयांचे ‘ओसरी तिकीट’ काढले, ज्यात गाडी, दारे धरणे आणि एक चहा येतो. उत्पन्न बुडेल अशी भीती भागीदारांना होती. प्रत्यक्षात पूर्वी ज्या आजी घरीच राहत होत्या त्या येऊ लागल्या आणि त्या आल्यामुळे गट मोठे झाले.

फेब्रुवारी ते एप्रिल २०२५ मध्ये तीच मोजणी, त्याच सहा जागी, त्याच पद्धतीने पुन्हा केली. सरासरी मुक्काम चार तास पन्नास मिनिटे झाला. दुपारचे जेवण आमच्याकडे घेणाऱ्यांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. आक्कांनी दोन बायका नव्याने कामावर घेतल्या. एकूण गर्दी अजूनही २०१८-१९च्या नऊदशांशच आहे. कर्जाचे हप्ते वेळेवर जातात, पण नफा म्हणावा असा पैसा अजून हाती येत नाही. गाडीत लावलेला ध्वनिक्षेपक ओसरीवर झोपलेल्या बाळांना उठवत होता, तो काढून टाकला. मधुमालतीने अपेक्षेपेक्षा लवकर मांडव धरला, मात्र तिचा सडा रोज दोनदा झाडावा लागतो.

दारे धरणे मात्र सगळ्यांच्या अंदाजापुढे गेले. एप्रिलमधल्या एका दुपारी धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले एक आजोबा वाफ्यात उभे होते आणि मुंबईहून आलेल्या नातवाला पायाच्या टाचेने वाळू ओढून तोंड कसे बांधायचे ते दाखवत होते. नातू खोरे वापरत होता आणि पाणी फुटत होते. आजोबा म्हणाले, ‘‘खोऱ्यानं नंतर. आधी पाय लाव, पाण्याला जोर किती आहे ते पायाला कळतं.’’ पोराने बूट काढले. ते दोघे तिथे पाऊण तास होते आणि ओसरीवर आजी चहा पीत त्यांच्याकडे पाहत बसल्या होत्या.

पुढचे काम पावसाळ्याचे आहे. जून ते सप्टेंबर आमचे उत्पन्न जवळपास थांबते, म्हणून पूर्वेकडे एक बंदिस्त, मोठी शेड घालून पावसातही मुलांना खेळता येईल असे काही करण्याचा विचार आहे. तिचा नकाशा या वेळी आधी मंजुरीला दिला आहे आणि फाइल दोन आठवड्यांपासून कार्यालयात आहे. ओसरीच्या सहा कड्या सुट्टीच्या दिवशी पुरत नाहीत आणि बायका झोळीसाठी पाळी लावून थांबतात, हे आक्कांनी गेल्या रविवारी दाखवले. आणखी आठ कड्यांसाठी आढे पेलेल की नाही हे पाहायला सुतार गुरुवारी येणार आहेत.